मुलांकडे अमेरिकेला जाताय? ॲमट्रॅकची रेल्वे, पुढची बस आणि त्यावरचे पॉइंट

एप्रिल उजाडला की कोथरूड, बाणेर, सहकारनगरच्या सोसायट्यांमध्ये काही दारांना मोठी कुलपं लागतात आणि कुंड्यांना पाणी घालायचं काम शेजाऱ्यांकडे येतं. मंडळी मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला. पहिले दोन-तीन आठवडे नातवंडांत आणि झोपेचं गणित जुळवण्यात जातात. मग फिरायचं मनात येतं. मुलांना रजा नसते, आपल्याला तिकडे गाडी चालवायची नसते, विमानाचा तोच तो सोपस्कार नको वाटतो. अशा वेळी ॲमट्रॅक, म्हणजे तिथली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे, फार सोयीची पडते. जिथे रूळ नाहीत तिथे ती स्वतःच्या तिकिटावर बसही जोडून देते. आणि या प्रवासावर पॉइंट मिळतात, जे आपल्यापैकी बहुतेक जण सोडून देतात.

सोडून देण्याचं कारण आळस नाही, सवय आहे. आपल्याकडे रेल्वेचे पॉइंट कार्डाला मिळतात. आयआरसीटीसीच्या नावाचं स्टेट बँकेचं, एचडीएफसीचं किंवा बँक ऑफ बडोदाचं क्रेडिट कार्ड असलं की ज्या कार्डाने पैसे भरले त्यावर पॉइंट. प्रवास तुम्ही करा नाहीतर तुमचा मेहुणा. ॲमट्रॅकचं उलटं आहे. तिथे पॉइंट प्रवास करणाऱ्या माणसाला मिळतात, पैसे कुणीही भरोत. म्हणून मुलाने आपल्या लॅपटॉपवरून, आपल्या खात्यातून आई-बाबांचं तिकीट काढलं आणि त्यांचे सभासद क्रमांक टाकले नाहीत, तर आई-बाबांना काही नाही आणि मुलालाही त्यांच्या प्रवासाचं काही नाही. पॉइंट हवेत विरतात. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी: खातं पुण्यातूनच उघडा, आणि नावाकडे नीट बघा

या योजनेचं नाव ॲमट्रॅक गेस्ट रिवॉर्ड्स. सभासदत्व फुकट आहे. ॲमट्रॅकच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये खातं उघडलं की सभासद क्रमांक मिळतो. विमानाचं तिकीट हातात आलं की त्याच आठवड्यात हे काम उरकून टाका. तिकडे पोचल्यावर जेट लॅगमध्ये ओटीपी आणि पासवर्ड यांच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

नवरा-बायकोची खाती वेगळी हवीत. ‘आमचं दोघांचं एकच’ हे बँकेच्या लॉकरला चालतं, इथे नाही. सोबत्याच्या प्रवासाचे पॉइंट तुमच्या खात्यात येत नाहीत. दोन खाती म्हणजे दोन ईमेल पत्तेही. काकूंचा ईमेल नसेल तर आधी तो काढा, आणि त्याचा पासवर्ड काकांच्या डायरीत न लिहिता काकूंच्या फोनमध्ये ठेवा. काका त्या डायरीसकट मागे पुण्यात राहिले तर पंचाईत.

आता नाव. आपल्याकडच्या पासपोर्टचा खास घोटाळा इथे होतो. समजा पासपोर्टवर आडनावाच्या ओळीत ‘कुलकर्णी’ आहे आणि नावाच्या ओळीत ‘सुनंदा माधव’. खातं उघडताना मुलीने घाईत ‘सुनंदा कुलकर्णी’ टाकलं. तिकिटावर जावयाने पासपोर्ट बघून ‘सुनंदा माधव कुलकर्णी’ टाकलं. तिसरीकडे कुणीतरी ‘माधव’ हेच पहिलं नाव धरलं. खात्यावरचं आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही की पॉइंट अडकू शकतात, आणि ते सोडवायला फोनवर अर्धा तास जातो. म्हणून एकदाच ठरवा: पहिलं नाव आणि आडनाव पासपोर्टप्रमाणे, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच. स्पेलिंग कागदावर लिहून घरातल्या, तिकीट काढू शकणाऱ्या प्रत्येकाला फोटो काढून पाठवा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल आणि पासपोर्टवर माहेरचं असेल, तर पासपोर्टवरचंच धरा. गाडीत ओळखपत्र मागितलं तर तुम्ही पासपोर्टच दाखवणार आहात.

दुसरी पायरी: कोणती गाडी ॲमट्रॅकची, हे ओळखा

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, कारण एकाच फलाटावर दोन वेगळ्या रेल्वे येतात. न्यू जर्सीत एडिसन भागात मराठी घरं पुष्कळ. एडिसनच्या स्वतःच्या स्टेशनवर ॲमट्रॅक थांबतच नाही, तिथे फक्त एनजे ट्रान्झिट. ॲमट्रॅकसाठी जवळचं स्टेशन मेट्रोपार्क, म्हणजे ओक ट्री रोडच्या देशी बाजारापासून गाडीने काही मिनिटांवर. तिथेही ॲमट्रॅकच्या सगळ्या गाड्या थांबत नाहीत. आणि तिथल्याच रुळांवर एनजे ट्रान्झिटच्या लोकल धावतात, ज्यांचं तिकीट वेगळं, भाडं बरंच कमी आणि ॲमट्रॅकचे पॉइंट शून्य. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात तर ॲमट्रॅक, एनजे ट्रान्झिट आणि लाँग आयलंड रेल रोड असा तिघांचा संसार आहे.

माझं मत स्पष्ट आहे. मेट्रोपार्कहून न्यूयॉर्क बघायला जायचं असेल तर लोकलनेच जा. पॉइंटसाठी जास्त भाडं भरणं म्हणजे दीडशेची पिशवी फुकट मिळते म्हणून हजाराची साडी घेणं. ॲमट्रॅक कामाला येते ती लांबच्या पल्ल्याला: फिलाडेल्फियाच्या पुढे, वॉशिंग्टन, बोस्टन, नायगारा.

कॅलिफोर्नियात थोडं वेगळं आहे. सनीवेलमधून जाणारी कॅलट्रेन आणि बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीची, बार्ट या लोकल रेल्वेंचा ॲमट्रॅकच्या पॉइंटशी संबंध नाही. पण फ्रीमाँट, सांता क्लारा, सॅन होजे या स्टेशनांवरून जाणारी कॅपिटल कॉरिडॉर ही गाडी ॲमट्रॅकच्या व्यवस्थेतली आहे. तिचं तिकीट ॲमट्रॅककडून काढलं तर पॉइंट मिळतात. दक्षिणेतली पॅसिफिक सर्फलायनरही तशीच.

तिसरी पायरी: रेल्वे आणि बस एकाच तिकिटात घ्या

लेखाचा गाभा हा आहे, म्हणून इथे सावकाश.

ॲमट्रॅक ज्या बस आपल्या गाड्यांना जोडून चालवते त्यांना थ्रूवे म्हणतात. बस बहुतेक वेळा कंत्राटी कंपनीची असते, त्यामुळे तिच्या अंगावर दुसरंच नाव रंगवलेलं दिसेल. पण तिकीट ॲमट्रॅकचं, वेळ गाडीशी बांधलेली, आणि भाडं एकूण रकमेत धरलेलं. आपल्याकडे पुणे स्टेशनात उतरून शेजारच्या एसटी स्थानकावरून पुढची गाडी पकडतो तेव्हा रेल्वे आणि एसटी एकमेकांना ओळखतही नाहीत. गाडी दोन तास लेट झाली म्हणून महाबळेश्वरची बस थांबणार नाही आणि पैसेही परत नाहीत. थ्रूवेत गाडी आणि बस एकाच आरक्षणात असतील, तर गाडी उशिरा आल्यामुळे बस चुकल्यास पुढे पोचवण्याची जबाबदारी ॲमट्रॅकची. वयस्कर माणसांसाठी पॉइंटपेक्षा ही हमी मोलाची आहे, आणि दोन्ही एकाच कृतीतून मिळतात.

या बस का आहेत, हे कळलं की शोधायला सोपं जातं. दोन ठळक उदाहरणं घेऊ.

पहिलं सॅन फ्रान्सिस्को. शिकागोहून निघालेली कॅलिफोर्निया झेफिर ही सुप्रसिद्ध गाडी २,४३८ मैल धावून, दोन रात्री गाडीत काढायला लावून, थेट सॅन फ्रान्सिस्कोत जात नाही. ती खाडीच्या अलीकडे एमरीव्हिलला थांबते. खाडीवरच्या पुलावर रूळ नाहीत. शेजारच्या ओकलंडमधलं जुनं स्टेशन १९८९ च्या भूकंपात खराब झालं, आणि एमरीव्हिलचं स्टेशन १९९३ मध्ये उघडलं. तिथून बस पूल ओलांडून शहरात सोडते. तिकीट काढताना शेवटचं ठिकाण एमरीव्हिल टाकलंत तर तुम्ही फक्त गाडीचं तिकीट काढता आणि पुढे टॅक्सी शोधत बसता. ठिकाण सॅन फ्रान्सिस्को टाकलंत की बस आपोआप जोडली जाते.

दुसरं बेकर्सफील्ड. सॅन होआकिन्स या नावाने वर्षानुवर्षं ओळखली जाणारी, आता गोल्ड रनर झालेली गाडी कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातून दक्षिणेला येते आणि बेकर्सफील्डला संपते. लॉस एंजलिस पुढे डोंगरापलीकडे. मध्ये तेहाचापीचा घाट आहे. १८७६ मध्ये बांधलेला तिथला रेल्वेमार्ग आजही मालगाड्यांनी भरलेला असतो. ॲमट्रॅक १ मे १९७१ ला सुरू झाली तेव्हापासून त्या घाटातून नियमित प्रवासी गाडी नाही. बोरघाटातून डेक्कन क्वीनने रोज जा-ये करणाऱ्या पुणेकराला हे पटत नाही, पण तिथे घाट मालाचा आहे, माणसं बसने उतरतात. गाडी आली की स्टेशनाबाहेर बस रांगेत उभ्या असतात.

कॅलिफोर्नियात पूर्वी अशी बस एकटी घेता येत नव्हती, गाडीचं तिकीट सोबत हवंच असे. २०१९ च्या कायद्याने ती अट सैल करायला परवानगी दिली. तरी आपण एकत्रच घ्यायचं. वर सांगितलेली हमी त्यातूनच येते.

आता सावधगिरीची गोष्ट. ॲमट्रॅकच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या प्रत्येक बसला पॉइंट मिळतीलच असं धरून चालू नका. काही बस सर्वस्वी दुसऱ्या संस्थांच्या असतात आणि ॲमट्रॅक फक्त तिकीट विकते. सीमेपलीकडे कॅनडात जाणाऱ्या प्रवासाचे नियमही वेगळे असतात. तिकीट काढण्याआधी गेस्ट रिवॉर्ड्सच्या अटींमध्ये कोणता प्रवास धरला जातो आणि कोणता वगळला जातो तो परिच्छेद एकदा वाचा, आणि आपल्या बसचा क्रमांक त्याच्याशी ताडून बघा. रेल्वेच्या भागाचे पॉइंट त्यामुळे बुडत नाहीत.

योसेमिटीचं उदाहरण इथे चपखल आहे. आपल्याकडच्या बहुतेक मंडळींना ते राष्ट्रीय उद्यान बघायचंच असतं. फ्रीमाँटहून कॅपिटल कॉरिडॉरने रिचमंडपर्यंत, तिथे गाडी बदलून मर्सेडपर्यंत, आणि मर्सेड स्टेशनातून यार्ट्स नावाची बस थेट योसेमिटीच्या दरीत. हे सगळं ॲमट्रॅकच्या एकाच तिकिटावर मिळतं आणि बसच्या भाड्यात उद्यानाचं प्रवेशशुल्कही धरलेलं असतं. पण यार्ट्स ही त्या परिसरातली स्वतंत्र बससेवा आहे. तिच्या टप्प्याला पॉइंट मिळोत न मिळोत, मी हाच मार्ग सुचवेन. उन्हाळ्यात दरीत गाडी उभी करायला जागा मिळत नाही, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर जावयाच्या ड्रायव्हिंगवर मागच्या सीटवरून सूचना देण्याचा मोहही टळतो. ग्रँड कॅन्यनलाही असंच: साउथवेस्ट चीफ गाडीने फ्लॅगस्टाफ, आणि पुढे तासा-दीड तासाचं अंतर रस्त्याने. तिथेही जोडसेवा कुणाची आहे ते आधी बघा.

चौथी पायरी: बुकिंगचा फॉर्म

निघायचं आणि पोचायचं ठिकाण टाका. स्टेशनाऐवजी गावाचं नाव टाकून बघा, म्हणजे बसने जोडलेले पर्यायही दिसतात. यादीत ज्या टप्प्यापुढे बसचं चिन्ह आहे तो रस्त्याचा. तपशील उघडून प्रत्येक टप्पा वाचा: कुठे उतरायचं, मध्ये किती वेळ, बस स्टेशनाच्या दारातून सुटते की पलीकडच्या रस्त्यावरून. दोन टप्प्यांमध्ये वीस मिनिटं असतील तर एक उशिराचा पर्याय शोधा. हमी आहे म्हणून गुडघे दुखणाऱ्या माणसाने धावत सुटावं असं नाही.

तारीख लिहिताना जपा. तिकडे महिना आधी, दिवस नंतर. आपल्या डोळ्यांना ०६/०५ म्हणजे सहा मे, त्यांना पाच जून. कॅलेंडरवर बोट ठेवूनच तारीख निवडा. दुसरं म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ तिथे नाही. आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटावर ००:१० बघून लगेच कळतं की ही आदल्या रात्रीची झोपमोड. तिथे १२:१० पुढे एएम लिहिलेलं असतं आणि माणूस ते दुपारचं समजून जेवून निघतो.

प्रवासी म्हणून नाव भरताना वयाचा प्रकार निवडायला विसरू नका. पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्यांना बहुतेक गाड्यांवर दहा टक्के सवलत आहे, दोन ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं भाडं, आणि दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर फुकट. आपल्याकडे रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून मनाला लागलेली आहे, निदान तिकडे तरी घ्या. मात्र सवलत आपोआप लागत नाही, प्रकार ‘ज्येष्ठ’ निवडावा लागतो.

आणि त्याच पानावर, प्रत्येक प्रवाशाच्या नावाखाली, गेस्ट रिवॉर्ड्सचा क्रमांक टाकायची जागा असते. तिकीट काढणारा स्वतः लॉग-इन करून बसलेला असेल तर त्याचा क्रमांक आपोआप पहिल्या प्रवाशापुढे येऊन बसण्याची शक्यता असते. तो प्रवासी मुलगा नसून बाबा असतील तर तो काढून बाबांचा टाका. मग दुसऱ्या प्रवाशापुढे आईंचा. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे बाबांच्या खात्यातून लॉग-इन करून तिकीट काढणं आणि आईंचा क्रमांक हाताने टाकणं.

क्रमांक टाकायचा राहिला तरी घाबरू नका. प्रवासाआधी ॲपमधून किंवा फोनवरून तो तिकिटाला जोडता येतो. फोनवर आधी ज्युली नावाची यंत्रबाई बोलते. तिच्याशी वाद न घालता ‘एजंट, एजंट’ म्हणत राहा. फोन अमेरिकेतूनच करा, टोल-फ्री क्रमांक भारतातून लागेलच असं नाही. पुण्यात बसून काम उरकायचं असेल तर ॲप बरं. आणि वेळेचा फरक ध्यानात ठेवा: उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, कॅलिफोर्निया साडेबारा तास.

तिकिटं साधारण अकरा महिने आधी खुली होतात. आपल्या साठ दिवसांच्या मानाने हा अवधी प्रचंड वाटतो, पण भाडं मागणीप्रमाणे वर जात असल्याने लवकर काढलेलं तिकीट सहसा स्वस्त पडतं. फक्त स्वस्तातल्या तिकिटावर रद्द करताना किती कापतात ते आधी वाचा. नातवाच्या शाळेचा कार्यक्रम मध्येच निघतो.

पाचवी पायरी: पैसे कुणाच्या कार्डाने?

भारतीय कार्ड वापरायचं असेल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नव्या कार्डांवर ही सोय मुळात बंदच असते. बऱ्याच कार्डांवर परकी चलनाच्या व्यवहाराला दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो. दहा टक्क्यांची ज्येष्ठ सवलत घेऊन त्यातला तिसरा हिस्सा बँकेला देण्यात मजा नाही.

म्हणून पैसे मुलाच्या तिकडच्या कार्डाने भरा, आणि त्याला रोख द्या किंवा पुढच्या वेळी चितळ्यांची बाकरवडी जास्त न्या. पॉइंट प्रवाशाला मिळत असल्याने पैसे भरणारा कोण याने तुमचं काही बिघडत नाही. मुलाकडे ॲमट्रॅकचं स्वतःचं क्रेडिट कार्ड असेल तर आणखी बरं: खर्चाचे पॉइंट त्याच्या खात्यात, प्रवासाचे तुमच्या. एकाच तिकिटावर घरात दोन ठिकाणी जमा. या एका तिकिटासाठी मात्र त्याने नवं कार्ड काढू नये.

हिशोब

२०१६ च्या जानेवारीपासून ही योजना भाड्यावर चालते: प्रवासावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरला दोन पॉइंट. बिझनेस क्लासला त्यावर पंचवीस टक्के जास्त, आणि एसेला या वेगवान गाडीच्या फर्स्ट क्लासला पन्नास टक्के जास्त.

समजा मेट्रोपार्क ते वॉशिंग्टन एका माणसाचं भाडं साठ डॉलर दिसतंय. ज्येष्ठ सवलतीने चोपन्न झालं. त्याचे एकशे आठ पॉइंट. येताना तेवढेच. म्हणजे जाऊन-येऊन प्रत्येकी दोनशे सोळा, दोघांचे मिळून चारशे बत्तीस, पण दोन वेगळ्या खात्यांत. सवलत घेतल्यामुळे प्रत्येकाचे चोवीस पॉइंट कमी झाले म्हणून हळहळणारे लोक आहेत. त्यांनी बारा डॉलर वाचवलेत हे त्यांना कुणीतरी सांगावं.

पॉइंटची किंमत काढायला कुणाच्या तक्त्यावर विसंबू नका. ॲपमध्ये तुम्हाला हवी ती गाडी, हवी ती तारीख आधी डॉलरमध्ये बघा, मग तीच पॉइंटमध्ये. डॉलरला पॉइंटनी भागलं की एका पॉइंटला किती सेंट ते कळतं. समजा दोन सेंट निघाले, तर डॉलरला दोन पॉइंट म्हणजे चार टक्के परतावा. ही किंमत गाडीगणिक आणि दिवसागणिक बदलते, त्यामुळे दोन-तीन गाड्यांवर करून बघा. भाडं चढलेल्या दिवशी पॉइंटही जास्त लागतात, म्हणून दिवाळीसारख्या गर्दीच्या दिवसांत, म्हणजे तिकडे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, पॉइंटने फार काही साधत नाही.

वरच्या श्रेणीचं सभासदत्व मिळवायला वर्षात पाच हजार पात्र पॉइंट लागतात. म्हणजे अडीच हजार डॉलर रेल्वेवर. आई-बाबांनी तिकडे लक्ष देऊ नये. दर आठवड्याला बोस्टन-न्यूयॉर्क करणाऱ्या लेकीने द्यावं.

प्रवासाच्या दिवशी

तिकीट फोनवर असतं, चौकोनी क्यूआर कोडसकट. तरी एक कागदी प्रत काढा, कारण बसथांब्यावर भर उन्हात काकांच्या फोनची बॅटरी संपतेच. गाडीत कंडक्टर कोड स्कॅन करतो, बसमध्ये ड्रायव्हर. बस लांबच्या प्रवासाची आहे म्हणून आपल्या शिवनेरीसारखी नंबर लावलेली जागा असेल असं नाही, लवकर चढाल तर पुढची जागा.

दोघांचं तिकीट एका कोडवर असलं तरी दोघांची नावं स्कॅनला लागली का ते विचारा. एक टप्पा सोडून दिला, म्हणजे मध्येच मुलगा गाडी घेऊन आला आणि तुम्ही बस टाळलीत, तर पुढचं आरक्षण रद्द होऊ शकतं. परतीचं तिकीट त्याच आरक्षणात असेल तर आधी फोन करून बदल करून घ्या.

सामानाचं बसमध्ये रेल्वेपेक्षा अवघड असतं. रेल्वेत प्रत्येकी पन्नास पौंडांपर्यंतच्या दोन बॅगा सोबत नेता येतात. पण त्या बसच्या पोटात तुम्हाला किंवा ड्रायव्हरला चढवाव्या लागतात, हमाल नसतो. पुण्याहून आणलेली मोठी बॅग मुलाकडेच राहू द्या.

जमा झाले का?

प्रवास झाल्यावर काही दिवसांनी खात्यात पॉइंट दिसायला हवेत. टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे रेल्वेचे दिसले आणि बसचे नाहीत असं होऊ शकतं. तिकिटाची पावती ईमेलमध्ये सांभाळून ठेवा: आरक्षण क्रमांक, गाडी आणि बसचे क्रमांक, तारीख, भाडं. दोन आठवड्यांत आले नाहीत तर खात्यातून राहिलेल्या पॉइंटची मागणी नोंदवता येते. ती पुण्याला परत येण्याआधीच नोंदवा. ओळखीतल्या एका काकूंनी ‘घरी जाऊन बघू’ म्हणून ठेवलं आणि पावतीचा ईमेल नातीने बनवलेल्या खात्यात होता, ज्याचा पासवर्ड नातीलाच आठवेना.

रद्द करून पैसे परत घेतलेल्या तिकिटाचे पॉइंट मिळत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

परत निघण्याआधी वापरून टाका

हा नियम पुणेकर आई-बाबांना सगळ्यात जास्त भोवतो: चोवीस महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट संपतात. तुम्ही दोन-अडीच वर्षांनी एकदा जाणारे. दर वेळी जमा केलेले पुढच्या फेरीपर्यंत विझलेले असणार. मुलाच्या खात्यातली हालचाल तुमचे पॉइंट जिवंत ठेवत नाही.

म्हणून मुक्कामाच्या सुरुवातीला मोठा प्रवास करा, पॉइंट येऊ द्या, आणि परतीच्या महिन्यात छोटा प्रवास पॉइंटवर करा. आपल्या खात्यातल्या पॉइंटने तिकीट स्वतःसाठीच काढलं पाहिजे असं नाही, दुसऱ्यासाठीही काढता येतं. दोन खात्यांतले थोडे-थोडे पॉइंट एकत्र करायला सहसा पैसे पडतात, त्यामुळे तसं न करता आईंच्या पॉइंटवर आईंचं आणि बाबांच्या पॉइंटवर बाबांचं एकेक तिकीट काढलेलं बरं. एकाच खात्यात पुरेसे असतील आणि दुसऱ्यात नसतील, तर एकाचं तिकीट पॉइंटवर आणि दुसऱ्याचं पैशाने काढा. मग त्या पैशाच्या तिकिटावर सभासद क्रमांक टाकायला विसरू नका. त्या हालचालीने चोवीस महिन्यांची मुदत नव्याने सुरू होते, आणि पुढच्या वेळी लेकीच्या बाळंतपणाला लवकर जावं लागलं तर खातं रिकामं नसेल.